दिवट्याची चिंधी

१

काचेच्या पेटीला कुलूप होतं, किल्ली घड्याळामागच्या खिळ्यावर जागच्या जागी होती, फक्त आत दिवटी नव्हती. ती जिथं वर्षानुवर्षं आडवी पडलेली असायची तिथं एक कोरा कागद पसरलेला होता आणि कागदावर जळक्या चिंधीची गुंडाळी.

फोटोग्राफरनं नुकतीच तिपाई उभी केली होती. "मग फोटो कशाचा काढायचा?" त्यानं विचारलं. सगळ्यांकडं बघून तो "बाहेर थांबतो" म्हणाला आणि तिपाईसकट गेला तो गेलाच.

दिवटी म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. वर तीन पाकळ्यांचा पंजा, त्यात चिंधी गुंडाळून बसवायची, तेल पाजायचं आणि पेटवायची. रस्त्यांवर दिवे नव्हते त्या काळात ती धरून लोकांच्या पुढं चालायचा तो दिवट्या, आणि त्याच्या वंशजांचं आडनाव दिवटे. हे सगळं नानांकडून ऐकावं. नाना दिवटे आडनावांच्या कोशाचे संपादक. दुनियेच्या आडनावांची कुळं शोधण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि स्वतःचं आडनाव त्यांनी सगळ्यात शेवटी हाती घेतलं. त्या एका नोंदीचं मुद्रित, म्हणजे छापण्याआधी तपासायचा कागद, छापखान्यात गेलं की काम संपलं. उद्या दुपारी सभागृहात छोटासा समारंभ होता, आणि त्यात घरची दिवटी संग्रहालयाला द्यायची होती.

खोलीत आता नाना, त्यांची थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि नानांचे सहसंपादक असे चौघं उरले. सहसंपादकांना सगळे आधारराव म्हणत, कारण कुणी साधं "आज उकडतंय" म्हणालं तरी त्यांचा पहिला प्रश्न "आधार काय?" हाच असे. पाचवी मावशी. नानांच्या दिवंगत बायकोची ही मोठी बहीण चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला या घरात कुणी बोलावत नसे, कारण तशी वेळच ती येऊ देत नसे. निवृत्त होईपर्यंत ती विमा कंपनीत आगीच्या नुकसानीची पाहणी करायची. जळलेल्या गोदामात शिरायचं आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हे तिचं काम. त्यामुळे राखेवर तिचा विश्वास होता, माणसांवर जरा कमी.

"काल संध्याकाळी मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली," आधारराव म्हणाले. "रात्री घरात बाहेरचं कुणी नव्हतं. म्हणजे, तसं बाहेरचं."

सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडं गेल्या. धाकटा नाटक कंपनीत प्रकाशयोजनेचं काम करायचा. कंपनीचा प्रयोग याच गावात लागला, थोरलीनं फार गळ घातली, म्हणून तो काल कित्येक वर्षांनी या घरात झोपायला आला होता. त्याची लोखंडी पेटी बाहेरच्या बोळकांडीत पडली होती.

"पेटी उघडून दाखव," आधारराव म्हणाले. "म्हणजे विषयच संपला."

धाकटा त्यांच्याकडं बघतही नव्हता. तो नानांकडं बघत होता. नाना रुमालानं बोटं पुसत उभे होते. पुसून झाली तरी पुसतच होते. त्यांचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं.

"माझ्या पेटीला कुणी हात लावायचा नाही," धाकटा शांतपणे म्हणाला. त्यानं पेटी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला. थोरली त्याला हाक मारत खालपर्यंत धावली, पण एकटीच परत आली.

मावशीनं कप खाली ठेवला. तिनं खिळ्यावरची किल्ली घेऊन काचेची पेटी उघडली, ती गुंडाळी उचलून नाकाशी धरली, मग कागदाकडं पाहिलं. कागदावर राखेचा कणसुद्धा सांडलेला नव्हता.

"मी आगी पाहिल्यात, चोर फारसे नाही," ती म्हणाली. "पण चिंधी इतकी जपून बाजूला काढून ठेवणारा चोर मला तरी भेटलेला नाही."

२

नानांच्या घरातलीच आधाररावांची कामाची खोली म्हणजे कप्पेच कप्पे. त्यांनी मावशीला बसायला जागा करून दिली आणि ती काही विचारायच्या आत स्वतःच बोलायला लागले. असा माणूस एकतर निर्दोष असतो नाहीतर फार हुशार. मावशीनं दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या.

"तुम्हाला वाटत असेल माझंच काम आहे. नानांचं आणि माझं भांडण चाललंय, हे साऱ्या घराला ठाऊक आहे."

"मला नाही ठाऊक. सांगा."

"नोंदीवरून." त्यांनी मुद्रिताचा कागद पुढं सरकवला. "दिवटे. दिवटी धरणाऱ्याचे वंशज. मिरवणुकीपुढं, फौजेपुढं, रात्री घरी परतणाऱ्या सावकारापुढं. पुढं खांबांवर दिवे आले, काम गेलं, नाव राहिलं. इथवर ठीक. पण दिवटा या शब्दाचा आणखी एक वापर आहे की नाही? कुळाचा दिवा म्हणून ज्याच्याकडं बघायचं त्यानं नाव घालवलं, की लोक टोमण्यानं त्याला काय म्हणतात?"

"दिवटा," मावशी म्हणाली. तिचा आवाज थोडा उतरला.

"शब्दाचा मान कसा गेला हे आडनावाच्या इतिहासात यायला नको? मी घातलं. नानांनी तांबड्या शाईनं उडवलं. म्हणाले, आधार नाही. आता आपली पद्धत अशी, की प्रत्येक अर्थाला खरा वापर हवा, छापलेला नाहीतर कानांनी ऐकलेला, आणि तो कुणाचा तेही लिहायचं. मी म्हटलं, नाना, आधार आहे. मी स्वतः ऐकलाय. तुमच्याच तोंडून."

मावशीनं मान हलवली. त्या दिवशी तीही पहिल्या रांगेत होती. कोशाच्या पहिल्या खंडाचा सत्कार. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी हसत विचारलं होतं, "आणि धाकटे चिरंजीव काय करतात?" नाना खुशीत होते, ध्वनिक्षेपक समोर होता. "तो आमचा दिवटा," ते म्हणाले, "कॉलेज सोडून नाटकवाल्यांचे दिवे धरतो." सभागृह खदखदून हसलं. त्या सभागृहाचे दिवे त्या दिवशी धाकट्यानं बापासाठी फुकट लावले होते आणि तो शिडीवर उभा होता, हे हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होतं.

"तेव्हापासून घर सोडलं त्यानं," आधारराव म्हणाले. "मी चहाडी करत नाही, बाई. पण ज्याच्या मनात इतकी वर्षं ते सलतंय, तो काय करील सांगता येत नाही. आणि ती दिवटी घराण्यातलीच कशावरून? मी नानांना सांगत होतो, संग्रहालयात ठेवण्याआधी तपासून घ्या. नाहीतर हसं व्हायचं."

"म्हणजे ती नाहीशी झाली तर तुम्हाला वाईट वाटणार नाही."

आधारराव खोकले. "वाईट वाटेल. पण रडू येणार नाही."

"पेटी उघडायचा आग्रह तुम्हीच धरलात. पेटीत काय निघणार हे माहीत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर देताना आधाररावांनी कधी नव्हे ते आधार मागितला नाही. "मी सकाळी आलो तेव्हा त्या पेटीवरूनच पाय टाकून आत आलो," ते म्हणाले. "नुसता कडीकोयंडा होता तिला. कुणालाही उघडता आली असती. मलासुद्धा."

३

थोरली स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

"तू मनातलं बोल, मी भांडी पुसते," मावशी म्हणाली.

"काय बोलू? आई गेल्यापासून यांचं पथ्यपाणी, औषधं, चष्मे शोधणं, सगळं मी केलं. दिवटी संग्रहालयाला द्यायची ठरली तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही. राग आलाच होता मला. पण मावशी, मी ती नेऊन ठेवणार कुठं? याच घरात ना?"

"भावाच्या पेटीत."

थोरलीच्या हातातलं पातेलं निसटलं. "मी? मी त्याला हातापाया पडून बोलावलं, आणि मीच त्याला चोर ठरवू?"

"तू नाही म्हणालीस, झालं. सकाळी काय काय ऐकलंस?"

"काही नाही. नाना उजाडायच्या आत उठले, ते रोजच उठतात. धाकटा घोरत होता. हां, एक झालं. आईच्या शिवणयंत्राचा खण कुणीतरी ओढला. तो करकरतो ना, आवाज ओळखीचा. मला अर्धवट झोपेत वाटलं, आई उठली." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग लक्षात आलं आणि झोप उडाली. त्या यंत्राला इतक्या दिवसांत कुणी हात लावला नव्हता."

मावशी नानांच्या खोलीत गेली. नाना तिथं नव्हते. शिवणयंत्र खिडकीपाशी झाकून ठेवलेलं होतं. तिनं खण ओढला. सुया, बॉबिनी, खडूचा तुकडा आणि यंत्रात घालायच्या तेलाची लहान कुपी. कुपी आडवी पडली होती आणि तिच्या तोंडाशी ताजा थेंब होता.

मग ती काचेच्या पेटीपाशी परतली, खुर्ची ओढून बसली आणि मांडीवर कागद पसरून तिनं चिंधीची गुंडाळी उलगडायला घेतली. वरचे वेढे कोळसा झाले होते, पण फक्त वरचेच. एकदाच पेटवलेली, तीही थोडा वेळ, हे तिला कुणी सांगायला नको होतं. गोदामं जळालेली पाहिलेल्या बाईला एवढं कळतंच. आत आत जावं तशी चिंधी आधी तपकिरी, मग पिवळट आणि शेवटी अगदी धड निघाली. कापड निळ्या चौकड्यांचं होतं. शेवटच्या वेढ्याला सदऱ्याची कफ होती आणि कफेला बटण.

मावशीनं ते बटण चिमटीत धरून उजेडाकडं फिरवलं. ती बाही तिच्या ओळखीची होती.

४

नाट्यगृहात दुपारचा अंधार होता. रंगमंचावर एक शिडी, शिडीवर हातमोजे घातलेला धाकटा, आणि खाली पसरलेल्या वायरींत वाट काढत मावशी.

"जपून," तो वरूनच म्हणाला. "डावीकडून ये. वायर आहे."

तो उतरला, घाम पुसला आणि तिच्यासमोर खोक्यावर बसला. केस कानापाशी पांढरे झाले होते. काल रात्री जेवताना हे मावशीच्या लक्षात आलं नव्हतं, कारण काल त्याच्याकडं नीट बघायची सगळ्यांनाच चोरी होती.

"विचार," तो म्हणाला. "तुझं ते पाहणीचं तोंड ओळखतो मी."

"पेटी उघड."

तो हसला, पण ते हसू काही धड नव्हतं. त्यानं पेटी ओढली आणि झाकण वर केलं. रंगीत जिलेटिनच्या गुंडाळ्या, पकडी, जुने मोजे. सगळ्यात वर स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली दिवटी.

"इथं आल्यावर उघडली तर ही," तो म्हणाला. "मी घेतली नाही, मावशी. पण आता कोण मानणार? घरी उघडली असती तर जागच्या जागी चोर ठरलो असतो. ज्यानं ठेवली त्याला तेच हवं होतं. आधाररावांना नाहीतर आणखी कुणाला. घरात मी कुणाला नको असेन हे ठीक आहे, ते मी केव्हाच गिळलं. पण इतकं?"

मावशीनं फडकं सोडलं. लोखंड चमकत होतं. पाकळ्यांच्या सांध्यांतसुद्धा तेलाचा पातळ हात फिरवलेला होता. तिनं वास घेतला. शिवणयंत्राचं तेल.

"हिची चिंधी कुठंय?"

"हिच्यात नव्हती. तिथं काचेच्या पेटीतच टाकली असेल."

"टाकलेली नाही. ती पंजातून काढायची कशी, ठाऊक आहे तुला?"

"ओढून नाही निघत. गाठ पाकळीमागं असते, ती उलटी फिरवून सोडायची." तो थांबला. "लहानपणी मी ती सोडायला बसलो होतो. आजोबांनी हातावर फटका दिला. म्हणाले, ही तुझ्या बापाची चिंधी आहे, तिला हात लावू नकोस. मी तुझ्या बापाला दिवटी दिली तेव्हा माझी चिंधी काढून ठेवून घेतली आणि मोकळी दिवटी त्याच्या हातात दिली. तुझी पाळी येईल तेव्हा तो त्याची काढून घेईल, तू तुझी गुंडाळ. आपल्या घरात असंच चालतं म्हणे. मला मजा वाटली होती. महिनाभर मी चिंध्या जमवत होतो."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला असणार? आजोबा सांगत होते तेव्हा थोरली शाळेत होती. नाना होते बाजूला, पेपर वाचत." मग त्यानं खांदे उडवले. "ते सगळं राहू दे. प्रयोग संपला की सामान ट्रकात चढतं, आम्ही पुढच्या गावाला. तू ही घेऊन जा. त्यांच्या संग्रहालयात लावा म्हणावं."

"आत्ता नाही नेत," मावशी उठत म्हणाली. "पडदा वर जायच्या आत मी परत येते. तोवर तुझ्यापाशी राहू दे."

"तुला कळलंय कुणी ठेवली ते."

"हो," मावशी म्हणाली. "आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतंय."

५

नाना टेबलाशी मुद्रित घेऊन बसले होते. पेनाचं टोपण लावलेलंच होतं. मावशीनं दार लोटलं, समोर बसली आणि निळ्या चौकड्यांची अर्धी जळकी बाही टेबलावर ठेवली.

"ओळखता?"

नानांनी बोटानं बटण हळूच फिरवलं.

"मी ओळखते. पाईप टाकायला सगळी गल्ली खणून ठेवली होती आणि त्याच संध्याकाळी दिवे गेले. धाकट्याच्या वेळी बहीण दवाखान्यातून घरी येत होती. बाळ माझ्या हातात होतं, आणि पुढं पाऊल टाकायचं कुठं ते दिसेना. तुम्ही घरात धावलात, दिवटी उतरवली, घाईत चिंधी मिळेना तेव्हा अंगातल्या सदऱ्याची बाही टर्रकन फाडलीत. खायच्या तेलात बुडवून पेटवलीत आणि आमच्या पुढं चालत आलात. आम्ही तुम्हाला महिनाभर एका बाहीचे नाना म्हणत होतो. ही चिंधी तेवढीच जळलीय, नाना. नंतर कधीच नाही."

"ते बाळ फार रडत होतं," नाना म्हणाले. "उजेड दिसला तसं गप्प झालं."

मावशीनं बाही त्यांच्याकडं सरकवली.

"चोरी झालीच नाही. चोराला दांडा हवा असता तर तो चिंधीसकट गेला असता. कुणाला धाकट्याला अडकवायचं असतं, तर गाठ उलटी फिरवून सोडत, लोखंडाला तेल लावत बसला नसता. बहिणीच्या यंत्राची कुपी पहाटे उघडली गेली आणि तुमची बोटं सकाळी रुमालात होती. तुमच्या अंगातल्या सदऱ्याच्या बाहीवर तेलाचा डाग अजून आहे, बघा. चिंधी ठेवून घ्यायची आणि दिवटी मोकळी द्यायची, ही रीत ज्याला ठाऊक होती त्यानंच ती धाकट्याच्या पेटीत ठेवली. चिंधी ज्याची, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती देताच येत नाही. तुम्ही त्याला दिलीत."

"दिली," नाना म्हणाले. "त्याचीच आहे. अख्ख्या घराण्यात आडनावाचं काम करणारा तो एकटा उरलाय. मी शब्द गोळा करत बसलो, तो उजेड दाखवतोय. हे मला नोंद लिहिता लिहिता कळलं. फार उशिरा कळलं."

"मग त्याच्या हातात का नाही दिलीत?"

"हातात द्यायची म्हणजे बोलावं लागतं." नानांनी खण उघडला आणि घडी घातलेला कागद बाहेर काढून पुन्हा आत ठेवला. "उद्याचं भाषण लिहून ठेवलं होतं. दिवटी संग्रहालयाला देत नाही, जिची जागा जिथं आहे तिथं पोचली, असं सांगणार होतो. व्यासपीठावरून मला येतं बोलायला. तोवर त्याला ती सापडली असती, दूर कुठंतरी, एकट्याला. फोटोवाला आज येईल हे मला कुठं ठाऊक?"

"आणि सकाळी? तो तुमच्याकडं बघत उभा होता, नाना. आधारराव त्याला चोर म्हणत होते आणि तो फक्त तुमच्याकडं बघत होता. मी ठेवली, एवढं म्हटलं असतंत तर मिटलं असतं सगळं."

नानांचे हात टेबलावर पालथे पडले होते. "म्हणणार होतो. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, का? त्याला का, कशासाठी? त्या सत्काराचं निघालं असतं. आधारराव समोर, थोरली समोर. मी शब्द जुळवत राहिलो. तेवढ्यात त्यानं पेटी उचलली." त्यांनी पेन बाजूला सारलं. "भर सभेत त्याला टाकून बोललो तेव्हा मला एक क्षण लागला नव्हता."

मावशीला त्यांचा राग यायला हवा होता. येतही होता. पण समोरचा माणूस इतका म्हातारा झालेला तिनं यापूर्वी पाहिला नव्हता, आणि तिला बहिणीची फार आठवण आली. ती असती तर हे असं झालंच नसतं.

"त्याला वाटतंय कुणीतरी त्याला चोर ठरवायला ती पेटीत घातली," ती म्हणाली. "आज रात्री तो तेच मनात घेऊन जाणार."

नाना उठले. दारापाशी थांबून त्यांनी पलीकडच्या खोलीत हाक दिली. "आधारराव, मी उडवलेला तो अर्थ परत घाला."

आधारराव चष्मा सावरत आले. "आणि आधार?"

"तुम्ही ऐकलाय ना? लिहा. वापर करणाऱ्याचं नाव माझं घाला. पूर्ण घाला."

आधाररावांनी नानांचा चेहरा पाहिला आणि ते मुद्रित उचलून आत गेले.

६

नाट्यगृहात आता माणसं वाढली होती. कुणी पडदा ओढून बघत होतं, कुणी टेबलं लावत होतं. धाकटा पुन्हा शिडीवर होता. मावशीनं नानांचा दंड धरून त्यांना वायरींतून आणलं आणि शिडीखाली उभं करून स्वतः बाजूला झाली.

नानांनी वर पाहिलं. भाषणाचा कागद त्यांनी आणला नव्हता.

"पेटीत मी ठेवली होती," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण रंगमंचावर सगळंच ऐकू जातं. टेबलं सरकवणारी माणसं थांबली. "तुझी म्हणून ठेवली. सकाळी सगळ्यांसमोर बोललो नाही. माझं चुकलं. आणि त्या सत्कारात बोललो तेही चुकलं."

धाकटा वरच उभा राहिला. मग हातातला दिवा त्यानं नीट आवळला, पकड खिशात घातली आणि एकेक पायरी उतरला. पेटीतून दिवटी काढून तो नानांसमोर आला. क्षणभर मावशीला वाटलं, झालं, मिटलं.

"चिंधी काढून घेतलीत," तो म्हणाला. "मावशीनं विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ती गेल्यावर आलं. मग दुपारभर ही हातात घेऊन बसलो होतो."

"मग ठेव ना," नाना म्हणाले.

"सकाळी तुम्ही बोलला असतात तर ठेवली असती, नाना." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं मावशीला वाटून गेलं. "मी थांबलो होतो. तुम्ही काहीही म्हणाला असतात तरी चाललं असतं. आता ही घेतली तर दरवेळी मला तुम्ही बोटं पुसत उभे दिसाल. मला तसे नको आहात तुम्ही. घेऊन जा. उद्या संग्रहालयाला द्या, लोक बघतील."

त्यानं दिवटी फडक्यात गुंडाळली आणि बापाच्या हातात दिली. देताना त्यांचा हात थोडा वेळ धरून ठेवला. मग कुणीतरी आतून त्याच्या नावानं ओरडलं, आणि तो हात सोडून शिडीकडं वळला.

मावशी आणि नाना मागच्या दारानं निघाले. तिथली बोळकांडी अंधारी होती आणि पुढं खाली उतरायला जिना. नाना काखेत दिवटी धरून भिंत चाचपत होते. त्यांचा पाय पहिल्या पायरीवर अडखळला.

तेवढ्यात मागून उजेड आला. वरचा एक दिवा फिरून दाराकडं वळला होता, आणि दारातून तो थेट पायऱ्यांवर पडत होता. सगळ्या पायऱ्या लख्ख दिसत होत्या, कडेचा तुटका दगडसुद्धा.

"पायऱ्या आहेत, जपून उतरा," वरून धाकट्याचा आवाज आला.

मावशीनं वळून पाहिलं, पण उजेड डोळ्यांत गेला आणि तिला त्याचा चेहरा दिसला नाही. नानांनी वळून पाहिलं नाही. ते एका हातानं कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले, आणि ते रस्त्यावर पोचेपर्यंत तो दिवा तसाच धरलेला होता.